डिपेलांचा बिल्ला

बाल्त्सर डिपेलनं आयुष्यात एकच पाप केलं, आणि तेही साबण लावून.

एरवी माणूस सरळ. क्रेहेनबाखपासून खालच्या गिरणीपर्यंतचा साडेचार किलोमीटर रस्ता एकतीस वर्षं त्याच्या ताब्यात होता. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ बाजूला ओढायचा. पगार जिल्ह्याचा होता, पण रस्ताही जिल्ह्याचाच आहे हे बाल्त्सरला कुणी कधी पटवून देऊ शकलं नाही. शेणखताची गाडी घेऊन कुणी त्याच्या रस्त्यावरून निघालं, की हा हातात झाडू घेऊन त्याला थेट घरापर्यंत सोबत करायचा. बाल्त्सरच्या रस्त्यावर पडलेलं सफरचंद धुवायला लागत नाही, असं गावात म्हणत. घरी नेऊन धुतलं तर उलट मळायचं.

त्याची बायको डोरोथे १९६३च्या जत्रेनंतर आठ दिवसांनी वारली. जत्रेसाठी तिनं भाजलेले काळे पाव फडताळात तसेच होते. बाल्त्सरनं ते पुरवून पुरवून खाल्ले. शेवटच्या पावाचा शेवटचा तुकडा इतका कडक झाला होता, की तो त्यानं सूपमध्ये रात्रभर भिजत घातला आणि सकाळी एकट्यानं, टोपी काढून खाल्ला. मग त्यानं घर आवरायला घेतलं.

फडताळाच्या खालच्या कप्प्यात निळ्या नक्षीची एक बरणी होती. तळाला राखाडी खपली, आणि आंबूस वास. ‘बिचारीला आजारपणात घासायला जमलं नसेल,’ असं म्हणून बाल्त्सरनं ती आधी वाळूनं घासली, मग सोड्यानं घासली, मग साबणानं घासली, उन्हात पालथी घातली, आणि वाळल्यावर तीत खिळे भरून ठेवले. लहान वर, मोठे खाली.

ती खपली म्हणजे डिपेलांच्या घरचं आंबवण. पाव भाजताना दर खेपेला कणकेचा मूठभर गोळा मागे ठेवायचा. तो पुढच्या खेपेची कणीक फुगवतो. डोरोथेनं ते लग्नात माहेराहून आणलं होतं, तिच्या आईनं तिच्या आईकडून. दोन महायुद्धं, एक दुष्काळ आणि सात पाद्री यांना पुरून उरलेलं ते आंबवण बाल्त्सरच्या स्वच्छतेपुढे मात्र टिकलं नाही.

गुन्हा उघडकीला आणला लिझबेथ रुपेलनं. गावच्या पावभट्टीची किल्ली हिच्याकडे असते. बाल्त्सर आणि ती शाळेत एका बाकावर बसायची, त्यामुळे त्याच्याशी बोलताना ती आजही खोडी काढण्याच्याच बेतात असते. नवऱ्यानं, हान्नेसनं, तिला चार खिळे आणायला पाठवलं होतं.

‘हे कशातनं काढतोयस?’ तिनं विचारलं.

‘बरणीतनं.’

‘कुठल्या बरणीतनं?’

‘ही. डोरोथेची. घाण झाली होती गं, मी लख्ख केली.’

लिझबेथ खुर्चीवर बसली. तिला बसलेली पाहण्याची सवय नसल्यामुळे बाल्त्सर घाबरला.

‘बाल्त्सर,’ ती म्हणाली, ‘तुला देवानं हात दिले, झाडू दिला, ठीक आहे. पण तुला साबण कुणी दिला?’

खिळे न घेताच ती गेली, आणि दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला बातमी कळली.

आता यात एवढं रडण्यासारखं काय, असं शहरातला माणूस म्हणेल. पण आमच्याकडे पाव भाजायची भट्टी गावाची, एकच. १८४१ साली कुणाच्या तरी घरच्या चुलीची ठिणगी उडून अकरा घरं जळाली, तेव्हा सरकारनं घरोघरच्या भट्ट्या पाडायला लावल्या आणि चर्चच्या खालच्या अंगाला ही एक दगडी भट्टी बांधून दिली. त्याच साली प्रत्येक घराचा एक लाकडी बिल्ला कोरला. दर शनिवारी संध्याकाळी सगळे बिल्ले एका पिशवीत घालायचे आणि एकेक काढायचा. निघतील त्या क्रमानं गुरुवारी पाव भाजायचे. पहिला बिल्ला कुणालाच नको असतो. गार भट्टी तापवायला फाट्यांच्या तीन मोळ्या जातात, आणि दुसऱ्याचं मात्र एका मोळीत भागतं. म्हणून तर चिठ्ठ्या. नाहीतर क्रेहेनबाखची माणसं दुसरा नंबर मिळवण्यासाठी पहाटेपासून एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उपाशी मेली असती.

डिपेलांच्या बिल्ल्यावर मडकं कोरलेलं आहे. बत्तीस बिल्ल्यांपैकी तेव्हा चौदा उरले होते. कारण नियमच तसा आहे: ज्या घरानं या जत्रेपासून त्या जत्रेपर्यंत एकदाही पाव भाजला नाही, त्याचा बिल्ला जत्रेच्या आदल्या दिवशी भट्टीत जातो. पाव विकणारी गाडी दर मंगळवारी गावात यायला लागल्यापासून बरेच गेले. लिझबेथ ते काम दर वर्षी करायची, एक शब्द न बोलता, आणि त्या संध्याकाळी हान्नेसला जेवायला गार मिळायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना तिनं बाल्त्सरला गाठलं.

‘तीन आठवडे राहिलेत.’

‘ठाऊक आहे.’

‘गाडीवरचा पाव खातोस ना? कापसासारखा?’

‘खातो.’

‘म्हणूनच असा दिसतोस. हे बघ, तुझ्या पणज्याच्या बापाचा बिल्ला आहे तो. तो माझ्या हातानं जाळायला लावू नकोस. आंबवण घे कुणाकडून तरी आणि भाज.’

‘कुणाकडून घेऊ?’

इथंच तर घोडं पेंड खात होतं. आमच्याकडे आंबवण नवरीबरोबर जातं. दुसरी वाट नाही. सून घरात येते ती बरणी घेऊन. त्यामुळे एखाद्या विधुरानं एखाद्या बाईच्या दारात उभं राहून आंबवण मागितलं, तर त्याचा अर्थ गावात एकच होतो. बाई नवरेवाली असेल तर तो अर्थ आणखीनच वाईट. वर्षभर सगळं गाव डोळ्यांत तेल घालून पाहत होतं, की बाल्त्सर कुणाच्या दारात उभा राहतो. हान्नेसनं तर गुत्त्यात लग्नावर पैज लावली होती.

‘माझ्याकडे ये,’ हान्नेस मागून म्हणाला. ‘हिच्यासकट देतो. बरणी मात्र मी ठेवून घेईन.’

‘तू गप,’ लिझबेथ म्हणाली. ‘तुझ्या बदल्यात कुणी रिकामी बरणीसुद्धा देणार नाही.’

बाल्त्सर घरी गेला. डोक्यात बिल्ल्याशिवाय काही नव्हतं. तो जळाला तर भट्टीच्या भिंतीवर बिल्ला टांगायचा त्यांचा खिळा रिकामा राहणार. रिकामे अठरा खिळे तो रोज बघत होताच. एकोणिसावा त्याच्या नावाचा, आणि कारण काय? साबण.

मंगळवारी दुपारी तीन वाजता तो निघाला. मागच्या गल्लीतून गेलं असतं तर संशय आला असता, म्हणून भर रस्त्यातून गेला, आणि साळसूद दिसावं म्हणून खांद्यावर फावडं घेतलं. जुन्या शाळेचा जिना तो फावड्यासकट चढला. तेवढ्यात समोरच्या सहाही खिडक्यांचे पडदे हलून गेले.

शाळेच्या वरच्या मजल्यावर ओटिली क्लोस्के राहायची. शिवणकाम करायची. १९४६ साली, युद्धानंतर सीमा बदलल्यावर, पूर्वेकडच्या सायलेशियातून हाकलून दिलेल्या लोकांबरोबर आली, एक सुटकेस आणि युद्धात हरवलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन. अठरा वर्षं गावात राहून, गावातल्या प्रत्येक नवरीचा पोशाख शिवूनही तिचं नाव ‘ती नवीन बाई’ असंच होतं. स्वतःचं घर नाही म्हणून बिल्ला नाही. सगळ्यांचं भाजून झालं, की संध्याकाळी उरलेल्या उबेवर ती आपले पाव ठेवायची. ते व्हायला अडीच तास लागायचे आणि फिके निघायचे.

‘क्लोस्केबाई,’ बाल्त्सर दारातूनच म्हणाला, ‘मी आंबवण मागायला आलेलो नाही.’

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. ‘बरं. मग न मागता काय हवंय?’

‘ते मुळात सुरू कसं करतात, ते विचारायला आलोय. गावात कुणालाच माहीत नाही. सगळ्यांकडे ते आधीपासूनच आहे.’

‘आणि मला माहीत असेल असं तुम्हाला का वाटलं?’

बाल्त्सरनं फावडं भिंतीला टेकवलं, मग माती पडेल म्हणून पुन्हा हातात घेतलं.

‘कारण तुम्हाला कुणी दिलं नव्हतं,’ तो म्हणाला.

खाली कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. ओटिलीनं शिवायचा कपडा बाजूला ठेवला.

‘आले त्या वर्षीचा नोव्हेंबर होता,’ ती म्हणाली. ‘तुमच्या घरीही आले होते मी. तुमची बायको म्हणाली, आमच्याकडे ते नवरीबरोबर जातं. मग तिनं मला दोन किलो पीठ दिलं. चांगलं पीठ होतं. पीठ सगळ्यांनीच दिलं, डिपेल. खोटं कशाला सांगू. पीठ घेऊन घेऊन हात दुखले माझे.’

‘मी दारामागे होतो.’

‘तुमचे बूट दिसत होते.’

‘मी काही बोललो नाही.’

‘नाही बोललात.’ तिनं मांडीवरचे दोरे झटकले. ‘पण आज फार बोलताय. बसा. ते फावडं बाहेर ठेवा आधी.’

मग तिनं सांगितलं. रायचं, म्हणजे काळ्या पावाचं पीठ, कोमट पाणी, आणि एक सफरचंद सालासकट किसून. रोज संध्याकाळी थोडं काढून टाकायचं, थोडं नवं पीठ-पाणी घालायचं. दहा-बारा दिवस.

‘सफरचंद धुवायचं नाही,’ ती म्हणाली.

‘न धुता?’

‘न धुता. जे आंबवतं ते सालावरच असतं. आणि तुमच्या रस्त्यावर पडलेलं घेऊ नका, त्यावर काही नसेल. बरणीचे काठ पुसायचे नाहीत. चमचा घासायचा नाही. वास आला तरी हात लावायचा नाही.’

‘वास येईल?’

‘येईल.’

‘किती?’

‘तुम्हाला जमेल असं वाटत नाही मला,’ ओटिली म्हणाली, आणि पुन्हा तोंडात टाचण्या धरल्या.

खिळे डब्यात गेले, बरणी टेबलावर आली. पुढचे दिवस बाल्त्सरनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रस्त्यावर काम करताना त्याच्या डोळ्यांसमोर बरणीचे लडबडलेले काठ यायचे आणि तो हातातल्या झाडूनं गटार दोनदा झाडायचा. त्या पंधरवड्यात खालच्या गिरणीपर्यंतचा रस्ता इतका लखलखीत झाला, की गिरणीवाल्यानं विचारलं, कुणी मंत्री येतोय काय. रोज संध्याकाळी तो बरणीत फूटपट्टी उभी धरून बघायचा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एक बुडबुडा. त्याच्याकडे तो पाऊण तास बघत बसला. तिसऱ्या दिवशी तो शाळेच्या जिन्याखाली उभा होता. वर जायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यानं रस्त्यातूनच हाक मारली.

‘क्लोस्केबाई! वास येतोय!’

खिडकी उघडली. ‘कसला?’

‘ओल्या मोज्यांचा!’

‘बरोबर आहे!’

‘टाकून देऊ?’

‘खबरदार!’

आणखी चार खिडक्या उघडल्या. लिझबेथ आपल्या दारातून ओरडली, ‘बाल्त्सर, आमच्या वेळी पोरी खिडकीत आल्या की पोरं फुलांचं काहीतरी बोलायची रे!’

सहाव्या दिवशी वास बदलला. सफरचंदाच्या तळघराचा वास येतो तसा, आंबटगोड. दहाव्या दिवशी ते बोटभर वर चढलं. बाल्त्सरनं पेन्सिलीनं बरणीवर खूण केली आणि मग, बरणीवर रेघ ओढली म्हणून, त्याला रात्रभर झोप आली नाही.

जत्रेच्या आधीच्या शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. लिझबेथनं पिशवीत हात घातला, आणि पहिलाच बिल्ला बाहेर आला तो मडक्याचा. जमलेल्या बायकांनी सुटकेचा जो श्वास सोडला, त्यानं दिवा विझायचाच राहिला. जत्रेचा आठवडा, गार भट्टी, तीन मोळ्या, आणि ते सगळं करणार कोण, तर ज्यानं जन्मात पाव भाजला नाही तो!

‘बदलून हवा असेल तर सांग,’ लिझबेथ हळूच म्हणाली.

‘नको. आला तो आला.’

बुधवारी संध्याकाळी त्यानं कणीक मळली. मळल्यावर समोर चार गोळे ठेवले आणि तो विचारात पडला. भट्टीत वीस पाव मावतात. डोरोथे बारा भाजायची. एकट्या माणसाला चार डोक्यावरून पाणी. म्हणजे उद्या तो तीन मोळ्या जाळणार, कशासाठी, तर सोळा पावांची रिकामी जागा भाजण्यासाठी. त्यानं टोपी घातली आणि शाळेचा जिना चढला. या खेपेला फावडं विसरला.

गुरुवारी सकाळी सात वाजता भट्टी तापली होती. विस्तवाचं बाल्त्सरला कळतं. रस्त्यावर डांबर तापवण्यात हयात गेलेली. निखारे ओढून काढले, आणि भट्टीचा तळ त्यानं असा झाडला, की तसा तो १८४१ पासून कुणी झाडला नव्हता. ऊब पाहायला मूठभर पीठ आत टाकलं. ते सावकाश तपकिरी झालं. ठीक. पुढच्या पाळीच्या बायका फळ्यांवर कणीक घेऊन उभ्या होत्या, हान्नेस उगाच उभा होता, आणि तेवढ्यात ओटिली क्लोस्के सहा गोळे टोपलीत झाकून आली.

‘बाई, तुमचं संध्याकाळी,’ लिझबेथ म्हणाली.

‘माझ्याबरोबर आहेत त्या,’ बाल्त्सर म्हणाला.

फळ्यांवरचे हात जागीच थांबले. एका फळीवरची कणीक तेवढी फुगत होती.

‘बाल्त्सर, त्यांना बिल्ला नाही,’ लिझबेथ म्हणाली.

‘मला आहे. पाळी माझी, लाकूड माझं. आत काय ठेवायचं ते मी ठरवणार.’

‘घराचा बिल्ला घरच्यांसाठी असतो. भट्टीच्या वहीत लिहिलंय. नियम मोडला तर बिल्ला जातो, हेही लिहिलंय. आज, आत्ता. उरलेल्या दोन दिवसांचीसुद्धा वाट बघायची नाही मग.’

बाल्त्सरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. मडकं तिथं लटकत होतं, काठांना हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं.

‘जाऊ दे, डिपेल,’ ओटिली म्हणाली. ‘मी येते संध्याकाळी.’

‘थांबा तुम्ही.’ मग तो लिझबेथकडे वळला. ‘अठरा वर्षं आपण यांना पीठ देतोय आणि गार भट्टी देतोय. मीसुद्धा. त्या वेळी मी दारामागे उभा होतो. आज काही दारामागे उभा राहणार नाही. घे बिल्ला, जाळ. पण हे सहा आत जाणार.’

लिझबेथनं तोंड उघडलं. तीस वर्षांत तिला उत्तर सुचलं नाही असा प्रसंग आला नव्हता, आणि त्या दिवशी तो येता येता राहिला की आलाच, यावर गावात अजून दोन मतं आहेत. कारण तेवढ्यात हान्नेस खेकसला:

‘अगं, भट्टीचं दार उघडं आहे! ऊब चाललीय सगळी!’

सगळ्यांच्या माना फिरल्या. नियम मोडणं वाईट, परक्या बाईला पहिल्या उबेवर भाजू देणं त्याहून वाईट असेल. पण तीन मोळ्यांची ऊब डोळ्यांदेखत आभाळात जाताना बघणं क्रेहेनबाखच्या माणसाच्या रक्तात नाही.

‘टाका, टाका, आत टाका!’ मागची एक फळीवाली ओरडली. ‘पुढं माझे आहेत!’

लिझबेथनं स्वतः भट्टीचं लांब दांड्याचं फावडं उचललं. ‘द्या इकडे. तुम्ही दोघं उभेच राहाल असे.’ आणि दहाही गोळे तिनंच आत सरकवले, धाडकन दार लावलं.

तासाभरानं दार उघडलं. ओटिलीचे पाव उंच, गडद, टरारून फुगलेले. तिनं एक उचलला आणि कानाशी धरला. पहिल्या उबेतला पाव बाहेर आला की त्याची साल बारीक तडकत असते, कडकड आवाज येतो. उरलेल्या उबेवरच्या पावाला तो कधी येत नाही. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. मागच्या बायकांना उशीर होत होता, पण कुणी तिला हल म्हणालं नाही.

बाल्त्सरचे चार ओळखायला कष्ट पडले नाहीत. दोन चपटे, एक बाजूनं फाटलेला, आणि चौथा शेजारच्या ओटिलीच्या पावाला घट्ट चिकटलेला.

‘बघा, बघा,’ हान्नेस म्हणाला. ‘आतल्या आत उरकलं पण!’

‘तू घरी जा,’ लिझबेथ म्हणाली. तिनं बाल्त्सरचा एक पाव उलटा केला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या बुडावर ठोकलं. मग पुन्हा ठोकलं, कान जवळ नेला.

‘पाव आहे,’ ती म्हणाली.

‘चांगला?’

‘चांगला म्हटलेलं नाही मी. पाव आहे म्हटलं.’ ती भिंतीपाशी गेली, खिळ्यावर तिरका झालेला मडक्याचा बिल्ला तिनं सरळ केला, आणि परत येता येता कुणाकडे न बघता म्हणाली, ‘वहीत घरच्यांसाठी लिहिलंय. घरचे कोण ते लिहिलेलं नाही. मी बघितलंय.’

बिल्ला ओटिलीला काही मिळाला नाही. घर नाही तर बिल्ला नाही, एवढं तरी क्रेहेनबाखनं धरून ठेवलं. पण त्या गुरुवारपासून मडक्याच्या पाळीला भट्टीत नेहमी दहा पाव जायला लागले, सहा उंच आणि चार चपटे. चपटे हळूहळू कमी चपटे होत गेले. गावानं लग्नाची वाट पाहिली, एक वर्ष, दोन वर्षं. हान्नेसची पैज बुडाली. ती दोघं एकमेकांना ‘डिपेल’ आणि ‘क्लोस्केबाई’ म्हणत राहिली, ‘तुम्ही’ म्हणत राहिली.

‘अरे, पण करून का टाकत नाहीस?’ हान्नेसनं एकदा गुत्त्यात विचारलंच.

बाल्त्सरनं ग्लासाखालचा ओला गोल रुमालानं पुसला.

‘ती माझा पाव खाते आणि मीठ कमी आहे म्हणते,’ तो म्हणाला. ‘लग्न केलं तर बरा झालाय म्हणायला लागेल. मग मी शिकणार कधी?’